टाकीतल्या थेंबाआडचे जग : सूक्ष्मदर्शक घ्यावा तर कोणता?

रात्री फिशटँकचा दिवा मालवून झाला आणि सहज म्हणून बॅटरीचा झोत काचेवर टाकला, की शोभिवंत मासे पाळणाऱ्या अनेकांची झोप उडते. दिवसा आरशासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर पांढुरके धागे सरपटत असतात, पाणवनस्पतीच्या पानाला पाच-सहा हात पसरलेले काहीतरी लटकलेले असते, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पाण्यात गचके देत पोहत असतात. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला वर्णन सांगितले, की तो फळीवरची एक बाटली काढून देतो. औषध टाकीत पडते, ठिपके नाहीसे होतात. आणि औषधात तांबे असेल तर पाठोपाठ गोगलगाई आणि हौसेने आणलेली कोळंबीही नाहीशी होते. मुळात ते ठिपके निरुपद्रवी होते, किंबहुना माशांच्या पिलांचे उत्तम खाद्य होते, हे पुष्कळदा कधीच कळत नाही.

हे टाळण्याचे साधन एकच. जे दिसले ते नेमके काय आहे, हे पाहणे. त्यामुळेच महानगरांतील मत्स्यपालनाच्या छंदाला सूक्ष्मदर्शकाची जोड देणाऱ्यांची एक लहानशी, पण चिकाटीची जमात आढळते. अडचण अशी, की या छंदासाठी कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा हे सांगणारे बाजारात कोणी भेटत नाही. खेळण्यांच्या दुकानात ‘१२०० पट’ असे ठळक छापलेली प्लास्टिकची पेटी मिळते, प्रयोगशाळांना माल पुरवणारा दुकानदार वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठीचे यंत्र पुढे करतो. घरच्या टाकीची गरज या दोहोंपेक्षा वेगळी असते.

आधी जीव, मग यंत्र

टाकीत राहणाऱ्या या मंडळींच्या आकारात विलक्षण तफावत आहे. हायड्रा पूर्ण ताणला की ५ ते १० मिलिमीटर भरतो. डाफ्निया, म्हणजे पाणपिसू, १ ते ३ मिलिमीटरची. सायक्लॉप्स अर्ध्यापासून दोन मिलिमीटरपर्यंतचा. हे सारे नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. त्याखाली चक्रधारी रोटिफर येतात, बहुतेक ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे. पॅरामेशियम पाव मिलिमीटरच्या आसपास. घंटेच्या आकाराची व्हॉर्टिसेला त्याहून लहान. काचेवरचा तपकिरी थर ज्यांचा बनलेला असतो त्या डायटम शैवालाच्या पेशी अनेकदा काही दशक मायक्रॉनांच्याच असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि गाळणीच्या स्पंजात राहून अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू जेमतेम एक मायक्रॉनचे.

एवढ्या पट्ट्यात एकच यंत्र सारख्या कुवतीने चालत नाही. म्हणूनच पहिला प्रश्न ‘किती पट?’ हा नसून ‘काय पाहायचे?’ हा आहे.

ज्यांना हायड्रा, डाफ्निया, गोगलगाईची अंडी, काचेवरचे कृमी अशा ‘मोठ्या’ प्राण्यांत रस आहे, त्यांनी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाचा विचार करावा. त्यात दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र प्रकाशमार्ग असतात, त्यामुळे प्रतिमेला खोली येते. विवर्धन साधारण १० ते ४० पट. भिंग आणि वस्तू यांच्यात जवळजवळ दहा सेंटिमीटर मोकळी जागा राहते. त्यामुळे काचपट्टी, आच्छादन असा प्रपंच न करता एका उथळ काचेच्या वाटीत टाकीतले पाणी घेऊन सरळ पाहता येते. प्रतिमा उलटी होत नाही. सुईने हायड्राला डिवचले तर सुई जिकडे हलवावी तिकडेच हलताना दिसते. २० पटींवर सुमारे एक सेंटिमीटरचे क्षेत्र नजरेत मावते. लहान मुले घरात असतील तर याच्याइतके समाधान देणारे यंत्र दुसरे नाही. डाफ्नियाचे पारदर्शक शरीर आणि आत धडधडणारे हृदय पाहून थक्क झाले नाही असे मूल विरळा.

मात्र पॅरामेशियम, रोटिफर, व्हॉर्टिसेला, शैवाले आणि माशांच्या अंगावरचे परजीवी यांपर्यंत जायचे असेल तर स्टिरिओ अपुरा पडतो. तेथे संयुक्त सूक्ष्मदर्शकच हवा. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असतो तो. दोन्ही घेण्याइतपत ऐपत नसेल आणि एकाचीच निवड करायची असेल, तर संयुक्त सूक्ष्मदर्शकाला झुकते माप द्यावे. चार पटींचे वस्तुभिंग आणि दहा पटींची नेत्रिका यांनी मिळणाऱ्या ४० पटींवर सुमारे साडेचार मिलिमीटरचे क्षेत्र दिसते, म्हणजे सायक्लॉप्ससारखे प्राणीही त्यात सुखाने मावतात. उलट स्टिरिओला ओढूनताणून वर नेता येत नाही.

‘१२०० पटीं’चे गौडबंगाल

वर्तमानपत्रात छापलेले छायाचित्र भिंगाखाली धरून पाहावे. चेहरा अधिक स्पष्ट दिसत नाही, शाईचे ठिपके तेवढे मोठे होतात. पेटीवरचे १२०० पट हे असेच असते. वस्तू मोठी दिसणे वेगळे आणि तिच्यातील बारकावे सुटे दिसणे वेगळे. हा दुसरा गुण, म्हणजे विभेदनक्षमता, अवलंबून असतो तो वस्तुभिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते यावर. त्यासाठी भिंगावर एक दशांशातला आकडा कोरलेला असतो. त्याला न्यूमरिकल अॅपर्चर म्हणतात. चार पटींच्या साध्या वस्तुभिंगावर तो ०.१०, दहा पटींच्यावर ०.२५, चाळीस पटींच्यावर ०.६५ असा असतो. दहाच्या भिंगाने सुमारे १.३ मायक्रॉन अंतरावरचे दोन बिंदू सुटे दिसतात, चाळीसच्या भिंगाने अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या भिंगावर बहुधा हा आकडाच नसतो. ज्या भिंगावर तो नाही, ते भिंग घेऊ नये, इतका सोपा नियम करून टाकला तरी बिघडत नाही.

याच आकड्यावरून उपयुक्त विवर्धनाची मर्यादाही काढता येते. त्याला हजाराने गुणावे. त्यापलीकडचे विवर्धन पोकळ. ०.६५ च्या भिंगाला ६५० पटींपर्यंत अर्थ आहे. दहाच्या नेत्रिकेने मिळणारे ४०० पट त्यात बसतात, सोळाच्या नेत्रिकेने ६४० म्हणजे अगदी काठावर आणि पंचवीसच्या नेत्रिकेने एक हजार पटींचा निव्वळ धूसर गोळा. ‘जादा नेत्रिका मोफत’ या आमिषाला भुलण्याचे त्यामुळे कारण नाही.

राहिले शंभराचे भिंग. संयुक्त सूक्ष्मदर्शकासोबत ते बहुतेकदा येतेच. ते तेलाचा थेंब घालून वापरायचे असते, काचेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर येते आणि त्याखाली सुखाने पोहणारा जीव पाहणे ही कसरत ठरते. रक्ताच्या तपासणीला ते अपरिहार्य. टाकीच्या छंदाला नाही. त्याच्यावाचून यंत्र स्वस्त मिळत असेल तर अवश्य घ्यावे आणि वाचलेले पैसे कंडेन्सरवर खर्च करावेत.

कंडेन्सर ही खरोखर दुर्लक्षिली गेलेली बाब आहे. टाकीतले बहुतेक सूक्ष्मजीव पाण्याइतकेच पारदर्शक. त्यांच्यावर नुसता भरपूर प्रकाश सोडला तर ते प्रकाशातच विरघळून जातात. मंचाखाली प्रकाश एकवटणारे भिंग, म्हणजे कंडेन्सर, आणि त्याला डोळ्याच्या बाहुलीसारखी लहानमोठी होणारी पडद्यांची झडप, म्हणजे आयरिस डायफ्रॅम, असेल तर ही अडचण सुटते. झडप थोडी मिटली की पॅरामेशियमची कड उमटते, आतील आकुंचन पावणारी पोकळी दिसू लागते. अगदी स्वस्त यंत्रांत कंडेन्सर नसतोच. नुसती भोकांची फिरती चकती असते. १०० पटींपर्यंत ती चालून जाते, ४०० पटींवर मात्र तिचा निभाव लागत नाही.

कंडेन्सरखाली काच बसवण्याची कडी असेल तर आणखी एक फुकटची करामत साधते. काळ्या कागदाची लहान गोल चकती कापून त्या कडीत मधोमध ठेवली, की सरळ येणारा प्रकाश अडतो आणि कडेने तिरपा येणारा तेवढा थेंबावर पडतो. मग काळ्याभोर आकाशात ताऱ्यांनी पोहावे तसे जीव झगमगताना दिसतात. चकतीचा व्यास दोन-चार प्रयत्नांनी जमतो. चार आणि दहाच्या भिंगांना ही युक्ती छान लागू पडते, चाळीसच्या भिंगाला महत्प्रयासाने.

डोळे, हात आणि खिसा

पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पळते. ४०० पटींवर दिसणारे क्षेत्र जेमतेम अर्धा मिलिमीटरचे. म्हणजे पाहुणा दृष्टिपथात येऊन बाहेर जायला अर्धा सेकंद. काचपट्टी बोटांनी सरकवून त्याचा पाठलाग करणे अशक्यच. त्यासाठी स्क्रूने काचपट्टी आडवी-उभी सरकवणारा यांत्रिक मंच हवा. नंतर बसवण्यापेक्षा तो मुळातच असलेला बरा. पळणाऱ्याला थोपवायचे तर कापसाचे चार तंतू थेंबात टाकावेत. त्या जंजाळात तो अडकून थबकतो.

एका डोळ्याचे यंत्र की दोन डोळ्यांचे, हा वाद जुना आहे. दोन डोळ्यांचे यंत्र तासभर पाहताना थकवत नाही, विशेषतः चाळिशीनंतर. पण त्याला खर्च दुप्पट-तिप्पट पडतो. हाती ठरावीक रक्कम असेल तर सुमार भिंगांच्या दोन नळ्यांपेक्षा चांगल्या भिंगांची एक नळी केव्हाही श्रेयस्कर. आरशाऐवजी एलईडी दिवा असावा. जुन्या तारेच्या दिव्याने थेंब तापतो आणि आतील जीव डोळ्यांदेखत मरतात, ते एलईडीने फारसे होत नाही. आरशाचे यंत्र असेलच तर तो थेट सूर्याकडे कधीही वळवू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

संगणकाला जोडण्याचे छोटे यूएसबी कॅमेरेही ‘सूक्ष्मदर्शक’ म्हणून विकले जातात. त्यांच्यावरच्या हजार पटींच्या दाव्यात पडद्याच्या आकाराचाच हिस्सा मोठा असतो. तरीही ते अगदीच टाकाऊ नाहीत. टाकीच्या काचेला बाहेरून टेकवून हायड्रा भक्ष्य कसा पकडतो हे त्याला न हलवता पाहायचे, तर हे खेळणे कामाला येते. त्याच्याकडून रोटिफरच्या चक्राची अपेक्षा मात्र करू नये. छायाचित्रांसाठी नेत्रिकेवर मोबाइल फोन धरणारी पकड पुरते; वेगळ्या कॅमेऱ्याची नवख्याला गरज नाही.

तुटपुंज्या पैशांत सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. मेरठमध्ये जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले मनू प्रकाश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तो विकसित केला आणि २०१४ मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. घडी घातलेला कागद आणि एकच गोलाकार भिंग. विवर्धन १४० पट. गंमत अशी, की यात तो थेट आद्य निरीक्षकाच्या वाटेने जातो. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेन्हूक यानेही एकाच भिंगाच्या चिमुकल्या यंत्राने १६७४ मध्ये जवळच्या तळ्याचे पाणी पाहिले आणि त्यात फिरणारे जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. फिशटँकमधला थेंब पाहणारा त्याचाच वारसा चालवतो.

बाजारात जाताना

भारतात बनणारे बरेचसे सूक्ष्मदर्शक हरियाणातील अंबाला येथून येतात. वैज्ञानिक उपकरणांचे ते जुने केंद्र आहे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात प्रयोगशाळांना साहित्य पुरवणारी दुकाने आहेत. विद्यार्थ्यांसाठीचे एका नळीचे यंत्र चार आकडी रकमेत येते, दोन नळ्यांचे बरे यंत्र पाच आकड्यांत जाते. दर्जा मात्र एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांतही कमी-अधिक असू शकतो. म्हणून पाहिल्याखेरीज घेऊ नये आणि पाहायला जाताना आपल्या टाकीतले पाणी लहान बाटलीत भरून न्यावे. दुकानदार दाखवतो ती रंगवलेली तयार काचपट्टी कोणत्याही यंत्राखाली सुरेखच दिसते. परीक्षा होते ती रंगहीन, हलत्या जिवाची.

दहाच्या भिंगावर प्रतिमा नीट जुळवून भिंगांची चकती चाळीसवर फिरवावी. प्रतिमा किंचित हरवली तर हरकत नाही, पूर्ण गायब झाली किंवा मधोमध असलेला जीव क्षेत्राबाहेर गेला तर जुळणी सदोष आहे. दोन मिनिटे हात न लावता पाहावे. मंच आपल्या वजनाने खाली घसरत असेल तर दर क्षणी प्रतिमा सुटेल. स्थूल आणि सूक्ष्म असे दोन्ही जुळणीचे स्क्रू असलेच पाहिजेत. भिंगांचे आटे प्रमाणित आहेत का, त्यांवर १६० आणि ०.१७ हे आकडे आहेत का तेही पाहावे. १६० मिलिमीटर ही नळीची प्रमाण लांबी आणि ०.१७ मिलिमीटर ही आच्छादन काचेची जाडी. हे प्रमाण पाळणारे भिंग खराब झाले तर दुसऱ्या बनावटीचेही बसते. जुने यंत्र घेत असल्यास भिंग काढून उजेडात तिरपे धरावे आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते तपासावे. ती बुरशी असते.

मुंबई आणि कोकणपट्टीत ही बुरशी सूक्ष्मदर्शकाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती भिंगाच्या काचेवर घर करते आणि एकदा काच कोरली गेली की पुसून जात नाही. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी घालून ते फिशटँकशेजारी ठेवणे म्हणजे तिला आमंत्रणच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंगे आणि नेत्रिका ठेवाव्यात, पुड्या ओलसर झाल्या की तापवून पुन्हा वापराव्यात. भिंग पुसायला भिंगांसाठीचाच कागद हवा. सदऱ्याचे टोक नको.

दिसल्यावर कळते काय?

प्रारंभी उल्लेखिलेल्या पांढऱ्या धाग्यांकडे वळू. बाणाच्या टोकासारखे डोके, त्यावर दोन तिरळे डोळे आणि काचेवरून वंगणावर घसरल्यासारखी संथ चाल असेल तर तो प्लॅनेरिया. कोळंबी पाळणाऱ्याने त्याची दखल घ्यायला हवी, कारण तो तिच्या पिलांवर ताव मारतो. पण तोच धागा केसासारखा बारीक, डोके नसलेला आणि पाण्यात सापासारखा वळवळणारा असेल तर तो गाळावर जगणारा साधा कृमी असतो. त्याला औषधाची गरज नाही. माशांना खाणे जास्त पडते आहे एवढाच त्याचा निरोप. हा फरक २० ते ४० पटींवर अर्ध्या मिनिटात कळतो. हायड्राबाबत तर आणखी एक सावधगिरी आहे. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेंब्ले या संशोधकाने दाखवून दिले होते, की हायड्राचे तुकडे केले तर तुकड्यातुकड्यातून नवा हायड्रा उगवतो. काचेवर तो चिरडून पाण्यात सोडणारा मालक स्वतःच त्याची पैदास वाढवतो.

माशाच्या अंगावर मिठाचे दाणे पडल्यासारखे ठिपके दिसले की ‘इक’ म्हणून औषध सुरू होते. त्याचा कारक, इक्थिओफ्थिरियस, १०० पटींखाली ओळखायला सोपा आहे: संथ गिरक्या घेणारा गोळा आणि त्यात घोड्याच्या नालेसारखे केंद्रक. पण कधी ठिपक्यांच्या जागी देठांवर उभ्या घंटांचा गुच्छ निघतो. तो एपिस्टायलिस, जिवाणूंवर जगणारा, पाणी घाण झाल्याची खूण असणारा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पांढरेच ठिपके. कल्ल्यांतील चपट्या कृमींचेही तसेच. चार डोळ्यांचे ठिपके असलेला डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि त्या अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नसल्याने उपचार पुन्हा करावा लागतो. पोटात आयते पिलू वागवणारा गायरोडॅक्टिलस तसा नाही. अर्थात, जिवंत माशाच्या त्वचेवरचा श्लेष्म काढणे हे हलक्या, ओल्या हाताचे काम आहे. कल्ल्याला तर नवख्याने हात लावूच नये. ज्याने हे कधी केलेले नाही त्याने आधी नुकत्याच मेलेल्या माशावर सराव करावा; परजीवी मात्र माशापाठोपाठ मरतात, त्यामुळे उशीर चालत नाही.

एक भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. सायक्लॉप्स म्हटले की जुन्या पिढीला नारू आठवतो. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढत आणि पायविहिरीच्या पाण्यातून माणसात येत, हे खरेच. पण भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. टाकीतला सायक्लॉप्स हे माशांचे खाद्य आहे, बाकी काही नाही.

आणि सूक्ष्मदर्शकाला जे जमत नाही तेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. नव्या टाकीत मासे मरतात ते बहुधा अमोनियाने. अमोनिया कोणत्याही भिंगाखाली दिसत नाही आणि तो निववणारे जिवाणू दिसले तरी ठिपक्यांपलीकडे ओळखता येत नाहीत. टाकी महिन्याभराची असेल तर पहिला खर्च पाणीतपासणीच्या संचावर व्हायला हवा, यंत्रावर नव्हे.

यंत्र घरी आल्यावर पुष्कळांची पहिली संध्याकाळ निराशेत जाते, कारण ते टाकीच्या मध्यातले नितळ पाणी घेतात आणि त्यात काहीच सापडत नाही. वस्ती असते ती गाळणीच्या स्पंजात, जुन्या पानांवर, तळच्या वाळूत. स्पंजाचा कोपरा वाटीत हलकेच पिळावा, तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, आच्छादन काचेच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचा ठिपका लावून ती वर अलगद टेकवावी, म्हणजे जीव चिरडत नाहीत. सुरुवात नेहमी चारच्या भिंगाने. गाळाच्या कणाला देठाने चिकटलेली व्हॉर्टिसेला सापडली की दहाचे भिंग फिरवून मंचावर बोटाने हलकी टिचकी मारावी. देठ क्षणात स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि मग सावकाश, जणू काही घडलेच नाही असा, पुन्हा उलगडतो.